परशुअण्णांचा मंगळवार

पंचवीस वर्षांनंतर माणसं युद्ध कसं लढतील, याचा निर्णय बेळगावजवळच्या मच्छे गावात झाला, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. मच्छे गावातल्या लोकांना तर मुळीच माहीत नाही. निर्णय झाला तो औद्योगिक वसाहतीत, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर, आणि ते युद्ध कॉम्प्युटरवर खेळायचं होतं.

माडीवर आमची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती. खाली लेथ सुरू झाले की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. आमचे मालक संजीव म्हणायचे, "हा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, रणगाड्याला वापरू." आणि तो खरोखरच वापरला. संजीव टिळकवाडीचे. बेंगळुरात बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले, आणि येताना 'रिअ‍ॅलिझम' हा शब्द बरोबर घेऊन आलेले. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने त्यांना पंचवीस वर्षांनंतरच्या लढाईचा खेळ बनवायला दिला होता. माझं काम सैनिकांच्या तोंडी वाक्यं घालण्याचं. त्याआधी मी एका दैनिकात पुढाऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालत असे, त्यामुळे जड गेलं नाही.

रिअ‍ॅलिझमसाठी लष्करी सल्लागार हवा, असं संजीवनी ठरवलं. बेळगावात निवृत्त फौजी शोधावा लागत नाही, टाळावा लागतो. पण संजीवना भेटलेल्यांपैकी एक जण काहीही सांगून झालं की "हे गुप्त आहे" म्हणायचे, आणि दुसरे काहीही विचारलं की दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलायचे. शेवटी, निदान गणवेश तरी खरे असावेत म्हणून संजीव कॅम्पातल्या एका टेलरकडे नमुने शिवायला टाकायला गेले.

"कुठल्या सैन्याचं शिवायचं?" टेलरने विचारलं.

"अजून नाही ते सैन्य. पंचवीस वर्षांनी असेल."

टेलरने खडू कानावर ठेवला. "पंचवीस वर्सांनी? मग कमरंला माया जास्त सोडतो."

हे परशराम तारिहाळकर. सगळे परशुअण्णा म्हणायचे. कापडाच्या शिवणीत पुढेमागे उसवता यावं म्हणून जे जास्तीचं कापड सोडतात, त्याबद्दल त्यांचे विचार पक्के होते. इतर विषयांवरचे त्यातूनच निघालेले होते. संजीवनी त्यांनाच सल्लागार केलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते दुपारी दुकान मुलाच्या हवाली करून बसने मच्छ्याला येऊ लागले. टेप गळ्यातच असायची. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, कमरेकडे बघत. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला आपल्या कमरेचा आकडा त्यांच्याकडून कळला. तो कुणालाही आवडला नाही आणि कुणालाही खोडता आला नाही.

अण्णा स्वतः फौजेत नव्हते. तरुणपणी भरतीला उभे राहिले होते, पण छाती हवी तेवढी फुगली नाही. याचा त्यांना राग नव्हता. "पलटण चांगलीच हाय," ते म्हणायचे, "त्या दिवशीची टेप जुनी हुती. वडून वडून लांबल्याली." त्यानंतर आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या छात्या मोजल्या, आणि टेप दर दिवाळीला नवी घेतली.

लष्कराबद्दल त्यांना विशेष काही माहीत नव्हतं, लष्कराच्या कपड्यांबद्दल सगळं माहीत होतं, आणि यात फरक आहे हे त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळे त्यांचं चुकायचंही. आमच्या खेळातल्या ड्रोनना पावसाळ्यासाठी ताडपत्रीची टोपी पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. घाटातला पाऊस त्यांनी बघितला होता, ड्रोन बघितला नव्हता. संजीवनी रिअ‍ॅलिझम म्हणून टोप्या करवून घेतल्या. ती टोपी कॅमेऱ्यावरही यायची. बरेच दिवस आमचे ड्रोन सगळ्यांना दिसत होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं.

शत्रूचा गट त्यांना दाखवला तो दिवस मला आठवतो. नकाशा कणकुंबीच्या जंगलावरून घेतलेला होता. नाव बदललं होतं, झाडं तीच होती. त्या जंगलात उगम पावणाऱ्या नदीच्या पाण्यावरून दोन सैन्यं लढतात, अशी गोष्ट. आपलं सैन्य हिरव्या कपड्यांत. शत्रूचं नाव 'काळा सर्प'. काळे कपडे, काळे मुखवटे, छातीवर नाग. चित्रकारांनी त्यावर फार मेहनत घेतली होती.

अण्णा पडद्याजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"ही कुठली माणसं?"

"शत्रू आहेत, अण्णा," संजीव म्हणाले.

"ते कळलं. गाव कुठलं?"

"गाव नाही. फॅक्शन आहे. म्हणजे गट."

"गाव न्हाई तर रुसून जातात कुठं?"

अण्णा पुढे म्हणाले, "आन ह्ये समदे एका मापाचे कसं? हवालदार झाला की माणूस चौतीस हुतोय. सुभेदार अडतीस. आन हितं तुमचा जनरल अठ्ठावीस. त्येला काय कावीळ झालीया काय?"

आमचा मुख्य प्रोग्रामर बसू सदलग्याचा. बोलायला मराठी, शिव्या द्यायला कन्नड आणि कोड लिहायला शांतता, अशी त्याची वाटणी होती. त्याने हुद्द्याप्रमाणे पोट वाढण्याची सोय केली. संजीवनी ती आधी हसून आणि मग गंभीरपणे स्वीकारली. मुखवटे गेले, कारण अण्णांनी विचारलं की जेवताना हे काढून कुठे ठेवतात. नाग मात्र राहिला. "असू दे," अण्णा म्हणाले. "तालमीच्या पोरास्नी असलं आवडतंय."

पण दोन गट का लढतात, हा प्रश्न उरला. संजीवनी यावर इंग्रजीत बरंच लिहिलं होतं: साधनसंपत्ती, विचारधारा, सत्तेची पोकळी. ते मी अण्णांना मराठीत सांगितलं.

"ह्ये समदं मागनं येतंय हो, पेपरवाले," ते म्हणाले. "पयलं कायतरी बारीक असतंय. धरणाचं उद्घाटन हुतं. नारळ कुणी फोडायचा? ह्येनं हात पुढं केला, त्येनं बी केला. नारळ फुटला कुणाच्या हातनं ते कळलंच न्हाई. तवापासनं दोन गट."

"एवढ्यावरून युद्ध?" संजीव म्हणाले.

"एवढ्यावरनं दूध डेऱ्या दोन झाल्यात की आमच्याकडं. गणपती दोन. येका बोळात."

संजीव म्हणाले, परदेशातल्या लोकांना नारळाचं कसं सांगायचं? मग त्यांनी रात्री घरी बसून ते इंग्रजीत लिहिलं: 'औपचारिक अग्रहक्काचा ऐतिहासिक वाद'. कंपनीने ते लगेच मान्य केलं, आणि संघर्षाची मांडणी प्रगल्भ असल्याचं कळवलं.

त्यानंतर अण्णांचा हात सुटला. तिसरा गट पाहिजे, ते म्हणाले. ज्यांचे पाहुणे, म्हणजे नातेवाईक, दोन्हीकडे आहेत अशा माणसांचा. "अशी माणसं न्हाईत असं सैन्य मला दावा." त्या गटाला नाव देणं संजीवना जमेना, कारण आक्रमक नाव त्यांना शोभत नव्हतं. शेवटी ते 'मधले' राहिले. मधले कुणावर गोळी झाडत नसत. ते निरोप न्यायचे, जखमींना उचलायचे, आणि कुणाकडेही जेवायचे.

आणि मधल्यांच्या पाठोपाठ वार आला.

आमच्या भागात गावदेवीची यात्रा काही वर्षांनी एकदा येते. ती ठरली की आधी वार पाळतात. म्हणजे ठरलेले मंगळवार गाव बंद. शेतात जायचं नाही, नांगर धरायचा नाही, गिरण चालवायची नाही. मोडेल त्याला पंच दंड करतात. अण्णांनी एके दिवशी बसूला सांगितलं की मंगळवारी लढाई बंद ठेव. दोन्ही सैन्यं बंदुका ठेवतील. जखमी ज्याचे त्याला परत करायचे, ओढ्यावर पाणी भरायचं, कपडे धुवायचे, पाहुण्यांना भेटायचं. सगळी राहिलेली कामं त्या दिवशी. कुणी गोळी झाडलीच, तर त्याच्याच बाजूचे लोक त्याची बंदूक काढून घेतील आणि त्याला दिवस मावळेपर्यंत कांदे चिरायला बसवतील.

"खेळातला मंगळवार का आपला, अण्णा?" बसूने विचारलं.

"मंगळवार म्हंजे मंगळवार. खेळातला येगळा आन आपला येगळा, असं कुठं असतंय रं?"

बसूला ते पटलं. सदलग्याच्या माणसाला पटण्यासारखंच होतं. त्याने खेळाचा मंगळवार खेळणाऱ्याच्या घड्याळातल्या मंगळवाराला जोडून टाकला. संजीवना तो एवढंच म्हणाला, की आठवड्यातून एकदा सैन्याला विश्रांती दिली आहे. संजीव म्हणाले, उत्तम, रिअ‍ॅलिस्टिक आहे. खालच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे, म्हणून आमचीही मंगळवारीच. त्यामुळे मंगळवारी तो खेळ कुणी कधी चालवून बघितला नव्हता.

मग कंपनीचे प्रतिनिधी हैदराबादहून आले. श्रीनिवास त्यांचं नाव. त्यांच्या हुद्द्यात इतके शब्द होते की व्हिजिटिंग कार्ड दोन्ही बाजूंनी छापलेलं होतं. त्यांना मंगळवारच मोकळा होता. संजीवनी सुट्टी रद्द करून सगळ्यांना बोलावलं, मोठा पडदा लावला, तोंड गोड करायला कुंदा आणला. खाली लेथ बंद होते. इतकी शांतता त्या माडीवर मी कधी ऐकली नव्हती.

श्रीनिवासनी खेळ सुरू केला. पडद्यावर पहाट झाली. उगमाजवळ दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. सुभेदारांची पोटं उत्तम आली होती. श्रीनिवास वाट बघत राहिले. मग आपल्या बाजूच्या एका सैनिकाने बंदूक झाडाला टेकवली आणि बनियन धुवायला घेतलं. पलीकडून काळ्या सर्पाचा एक हवालदार आला, ओढ्यात पाय सोडून बसला, आणि त्याने मी लिहिलेलं वाक्य म्हटलं: "आईचं कसं आहे आता?"

श्रीनिवासनी सैन्य पुढे न्यायची सगळी बटणं दाबून बघितली. मग संजीवकडे बघितलं. संजीवनी बसूकडे बघितलं. बसू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. नंतर मी त्याला विचारलं, तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मला वाटलं, मंगळवारी कोण लढाई बघाय येतंय."

"इज इट हँग?" श्रीनिवासनी विचारलं.

मागे स्टुलावर बसलेले अण्णा उठले आणि अदबीने म्हणाले, "नहीं साब. आज मंगलवार है."

श्रीनिवासना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी नेम धरून एक गोळी झाडली. दोन्ही बाजूंचे सैनिक वळून त्यांच्याकडे बघायला लागले. कुणी उलटी गोळी झाडली नाही. त्यांच्याच बाजूचा अडतीस कमरेचा सुभेदार आला, त्याने बंदूक काढून घेतली, आणि भविष्यकालीन युद्धाचे तज्ज्ञ उरलेला वेळ कांदे चिरत बसले. कांदे चिरणं बसूने फार बारकाईने केलं होतं. एकसारखे चिरले तर सुभेदार मान हलवायचा. श्रीनिवासनी दोनदा मान हलवून घेतली आणि मग कंट्रोलर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं म्हणणं आलं. मंगळवार काढा.

संजीवनी अण्णांना ते स्वतः सांगितलं, आणि नीट सांगितलं. अण्णा टेप गुंडाळत होते. "काढा की," ते म्हणाले. "तुमचा खेळ हाय." त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही कमरेकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर बस थांब्यापर्यंत गेलो. बस बराच वेळ आली नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, यंदा तुमच्या गावची यात्रा कधी?

"हुईना झालीया," अण्णा म्हणाले. "देवीचा पयला मान कुणाच्या दारात, ह्येच्यावरनं दोन गट पडल्यात. येका गटाचा म्होरक्या आमचा थोरला भाऊ. कल्लाप्पा."

"आणि दुसऱ्याचा?"

"ते काय इचारतासा. मीच की."

एक ट्रक गेला. अण्णांनी धूळ खाली बसू दिली. "वाराच्या दिवशी काय व्हायाचं म्हायताय काय? रानात जायाचं न्हाई, काम धरायचं न्हाई. मग माणूस करतोय काय? जाऊन बसतोय कुणाच्यातरी दारात. भांडान असलं तरी बसतोय. दुसरा उद्योगच न्हाई की. तितंच च्या व्हायाचा, तितंच मिटायचं. आता यात्रा न्हाई म्हणून वार न्हाई. वार न्हाई म्हणून बोलणं न्हाई. आन बोलणं न्हाई म्हणून यात्रा ठरंना."

"मग तुम्हीच जाऊन बोला ना."

"कसं जाऊ? बुधवारी गेलो तर मी हरलो असं हुतंय." बस आली. पायरीवर चढून ते वळले. "कुठंतरी चालू ऱ्हायला पायजे हुतं हो. एवढंच."

बसूने मंगळवार काढला. पहिले काही दिवस खेळात घनघोर लढाई झाली. संजीव खूश होते. पण जखमींना परत करण्याची वेळ मंगळवार, पाणी भरण्याची मंगळवार, काडतुसं वाटण्याची मंगळवार. अण्णांनी सांगितलं तसं बसूने सगळंच त्या दिवसाला बांधलं होतं. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही सैन्यं जिथे होती तिथे झाडाखाली बसली. जनरलने हुकूम दिला की मान वर करून ऐकायची आणि परत खाली घालायची. युद्ध थांबलंही नाही आणि चाललंही नाही. मधले तेवढे हिंडत होते, पण निरोप कुठल्या दिवशी द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं.

"हे सगळं सोडवून परत बांधायला किती दिवस?" संजीवनी विचारलं.

बसूने कन्नडमध्ये उत्तर दिलं. त्यावरून संजीवना अंदाज आला.

मुदत तोंडावर होती. संजीव पुन्हा एक दिवस घरी बसले, आणि मंगळवार परत घालून त्यांनी कंपनीला इंग्रजीत कळवलं की हा 'साप्ताहिक तणावनिवारण कालखंड' असून त्यावर आमच्या सांस्कृतिक सल्लागारांनी दीर्घ काम केलं आहे. कंपनीने अभिनंदन केलं. श्रीनिवासनी स्वतंत्रपणे कळवलं की ही कल्पना प्रत्यक्ष बघितल्यावर आपल्याला तिचं महत्त्व पटलं होतं.

मी दुकानात जाऊन अण्णांना सांगितलं. ते काज करत होते. सुई थांबली.

"ऱ्हायला?"

"राहिला. खेळाच्या शेवटी तुमचं नावही येणार आहे. मिलिटरी कल्चर कन्सल्टंट."

"म्हंजे टेलरच की," ते म्हणाले, आणि काज पुरं केलं. मग जरा वेळाने, "आता त्या डोणच्या टोप्या बी ऱ्हाऊ द्या म्हणावं." त्या राहिल्या नाहीत.

खेळ बाजारात गेला. संजीवनी मोठी जागा घेतली, मी परत वर्तमानपत्राकडे वळलो. अण्णांकडे जाणं कमी झालं. एका मंगळवारी कॅम्पात काम होतं म्हणून त्यांच्या गल्लीतून चाललो होतो. मंगळवारी दुकान बंद असायचं, पण शटर अर्धं वर होतं. वाकून बघितलं. आत गिऱ्हाइकाच्या जागी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हात पसरून उभे होते. नाक अण्णांचंच. अण्णा त्यांच्या कमरेभोवती टेप घेऊन वाकलेले होते.

"या, बरं झालं आलासा," अण्णा मला म्हणाले. "ह्यास्नी सांगा, श्वास सोडा म्हणावं. पोट आत घिऊन माप देत्यात, मग इजार बसंना म्हणून बोंबलत्यात."

मी कल्लाप्पाअण्णांना म्हटलं, "श्वास सोडा म्हणतात."

"त्येला सांगा, सोडलाय," कल्लाप्पाअण्णा मला म्हणाले.

"चाळीस," अण्णा मला म्हणाले.

"अडतीस," कल्लाप्पाअण्णा मला म्हणाले.

समोरच्या हॉटेलातून चहा आला होता. तीन ग्लास होते, म्हणजे कुणाचीतरी वाट बघितली जात होती. मी एक घेतला, आणि बराच वेळ एकाचं दुसऱ्याला सांगत बसलो. निघालो तेव्हा आकडा एकोणचाळीसवर आला होता आणि अण्णा कापडावर खडूने रेघ ओढत होते. मी शटरखालून बाहेर पडलो, तरी मागे कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणाल्यासारखं वाटलं. वळून बघणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर मला अण्णा दिसले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

खेळ अजून चालतो. बऱ्याच देशांत मंगळवार उजाडला की दोन्ही सैन्यं बंदुका झाडांना टेकवतात आणि कपडे धुवायला बसतात. खेळणाऱ्यांची अशी समजूत आहे की त्या दिवशी कंपनीच्या सर्व्हरची दुरुस्ती असते, आणि कंपनीने ती समजूत खोडून काढलेली नाही.